शास्त्रीय आज्ञावली, मानदंड-सामग्री आणि चित्रात्मक साधन

शास्त्रीय गणनेसाठी लागणाऱ्या आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, प्रत्येक संशोधकाने नव्याने रचणे हा श्रमाचा अपव्यय होय. पारखून घेतलेल्या आज्ञावली एकत्र ठेवाव्यात आणि मागेल त्यास त्या द्याव्यात, या हेतूने जॅक डोंगारा व एरिक ग्रोस यांनी 1985 साली अमेरिकेत ‘नेटलिब’ हा संग्रह सुरू केला. ठरावीक शब्दांत ई-मेल पाठवावा, संगणकाने तो वाचावा आणि मागितलेली आज्ञावली ई-मेलनेच परत धाडावी, अशी त्याची आरंभीची रीत होती. मध्ये कोणी माणूस नसे. परंतु संग्रहात काय आहे हे पडद्यावर पाहून तेथेच निवड करण्याची सोय या रीतीत नव्हती.

ही अडचण ‘एक्सनेटलिब’ने दूर केली. 1990 नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत टेनेसी विद्यापीठ व ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा येथे सिद्ध झालेल्या या चित्रात्मक साधनात संग्रहाची सूची पडद्यावर दिसे. शब्द देऊन शोध घेता येई आणि हवी ती वस्तू निवडून आपल्या संगणकावर उतरविता येई. निरनिराळ्या संगणकांच्या वेगाची मापेही याच मार्गाने पाहावयास मिळत. पुढे वेबचा प्रसार झाल्यावर या साधनाचे काम ब्राउझरकडे गेले. नेटलिब संग्रह मात्र आजही चालू आहे.

वेगाची ही मापे ज्या कसोटीवर घेतात, तिला मानदंड म्हणावे. ‘लिनपॅक’ हा त्यांतील प्रसिद्ध मानदंड होय. रेषीय समीकरणांचा मोठा संच सोडविण्यास संगणकास किती वेळ लागतो, हे त्यात मोजतात. नोव्हेंबर 2007 मध्ये पुण्याच्या ‘एका’ या महासंगणकाने जगात चौथा क्रमांक मिळविला, तो याच मानदंडावर. त्याचा वेग दर सेकंदास सुमारे 118 लक्ष कोटी अंकगणिती क्रिया इतका भरला. ही संख्या खरी आहे. पण ती एका विशिष्ट कामाची आहे. स्मृतीतून विखुरलेली माहिती सतत आणावी लागते अशा कामात तोच संगणक किती वेगाने चालेल, हे ती सांगत नाही.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने हा विवेक विशेष जपला पाहिजे, कारण आता भाषांनाही मानदंड लाभले आहेत. यांत्रिक भाषांतराची पारख करण्यासाठी 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लोरेस-200’ या सामग्रीत मराठीचा समावेश आहे. ब्राउझरच्या पडद्यावर ती ओळीओळीने वाचता येते. तिच्यासाठी निवडलेली 3001 वाक्ये मुळात इंग्रजी असून ती विकिमीडियाच्या प्रकल्पांतून घेतलेली आहेत. तेव्हा त्यांची मराठी ही भाषांतरकाराची लेखी प्रमाण मराठी होय. छत्तीसगढी, मगही, मैथिली यांना या सामग्रीत स्वतंत्र स्थान आहे, वऱ्हाडीस नाही.

याचा परिणाम एका गावाच्या संदर्भात पाहू. बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे सिंदखेडराजा तालुक्यातील गाव वऱ्हाड व मराठवाडा यांच्या सीमाभागात वसले आहे. वऱ्हाडीत ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ आणि ‘करतो आहे’ऐवजी ‘करून राहिला’ अशी रूपे आढळतात. ही रूपे कोठवर चालतात आणि कोठे विरळ होतात, हा सीमाभागातील खरा भाषिक प्रश्न आहे. एखाद्या आज्ञावलीने प्रमाण मराठीच्या मानदंडावर उत्तम गुण मिळविले, एवढ्यावरून ती येथील बोलणे अचूक उतरवील असे अनुमान काढता येत नाही. उलट, ‘मले’ हे रूप ती चूक समजून ‘मला’ असे दुरुस्त करण्याचा संभव आहे. मग आपण ज्याचा शोध घेत आहोत, तो पुरावाच नाहीसा होईल.

शोधाचीही अशीच मर्यादा आहे. 1724 साली या गावाजवळ निजाम-उल्-मुल्क व मुबारिझखान यांची लढाई झाली. तिच्या उल्लेखांत गावाचे नाव ‘शकरखेडा’ असे येते, आणि विजयानंतर निजामाने त्यास ‘फत्तेखेर्डा’ हे नाव दिले. केवळ ‘साखरखेर्डा’ हा शब्द देऊन शोधणाऱ्यास या नोंदी सापडणार नाहीत. साधन नोंदलेले तेवढेच दाखविते, आणि तेही नोंदलेल्या नावाने.

तेव्हा पडद्यावरील गुणांक प्रबंधात उतरविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: वाक्ये कोणाची आहेत, ती मूळची आहेत की भाषांतरित, आणि आपल्या अभ्यासाची बोली त्यांत आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आल्यास, डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेले मराठी बोलींचे सर्वेक्षण पाहावे. त्याची सामग्री संकेतस्थळावर नकाशांसह उपलब्ध आहे. तेथेही गरज भागली नाही, तर गावी जाऊन ध्वनिमुद्रण करावे, बोलले तसेच लिहून घ्यावे आणि त्या लहानशा संचावर आज्ञावलीची स्वतः परीक्षा घ्यावी. अशी शंभर वाक्येही त्या बोलीपुरता मानदंड ठरू शकतात, आणि पुढील अभ्यासकास ती पडद्यावर दिसतील अशी ठेवणे हे आपलेच काम आहे.