टॅब्लेट संपीडन संशोधनातील डाय-भरणाच्या पद्धती : एक विवेचन

प्रस्तावना :
नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत ग्लॅक्सोस्मिथक्लाईनचा औषधनिर्मिती कारखाना आहे. याच शहरात औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयेही आहेत. कारखाना असो वा प्रयोगशाळा, गोळी तयार होण्याचे तत्त्व एकच आहे. डायमध्ये चूर्ण भरावयाचे व ते दोन पंचांमध्ये दाबावयाचे. या तत्त्वाचे पेटंट विल्यम ब्रॉकेडन यांनी इंग्लंडमध्ये १८४३ साली घेतले. संशोधनात दाबाचा अभ्यास बारकाईने होतो. भरणाचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत आटोपतो. प्रस्तुत लेखात भरणाच्या प्रमुख पद्धतींचे विवेचन केले आहे.

मूलभूत भेद :
प्रयोगशाळेत चूर्ण वजनाने भरले जाते, तर यंत्रात ते आकारमानाने भरले जाते. यंत्रातील गोळीचे वजन म्हणजे डायच्या पोकळीचे आकारमान आणि त्या क्षणीची चूर्णाची स्थूल घनता यांचा गुणाकार होय. चूर्ण नीट वाहिले नाही, तर वजन बदलते व त्यासोबत रुग्णाला मिळणारी मात्राही बदलते.

भरणाच्या पद्धती :
१) हाताने भरणे : प्रत्येक गोळीचे चूर्ण तराजूवर मोजून डायमध्ये ओतले जाते. काही ग्रॅम औषधावर प्रयोग होऊ शकतो आणि वस्तुमान निश्चित राहते. त्यामुळे हेकेल यांच्या १९६१ च्या समीकरणासारख्या विश्लेषणास ही पद्धत योग्य ठरते. मात्र कागदाला चिकटलेले चूर्ण व ठोके देण्यातील फरक यांमुळे त्रुटी येते. म्हणून तयार गोळीचे वजन पुन्हा घेणे व ठोक्यांची संख्या ठरविणे आवश्यक असते.

२) गुरुत्व-भरण : हॉपरला जोडलेला फीड शू डायवरून सरकतो व चूर्ण स्वभाराने खाली पडते. पोकळीतील हवेला त्याच वेळी बाहेर पडावे लागते. बारीक व हलक्या चूर्णात ही हवा अडथळा ठरते. शूच्या ज्या वेगापर्यंत डाय पूर्ण भरते, त्यास क्रांतिक वेग म्हणतात. चूर्णांची तुलना करण्यासाठी हे एक उपयुक्त मापक आहे.

३) शोषण-भरण : शू डायवर असतानाच खालचा पंच खाली जातो. पोकळीतील दाब कमी होऊन चूर्ण आत ओढले जाते. त्यामुळे वाईट वाहणाऱ्या चूर्णाचे भरण सुधारते.

४) पॅडल फीडर : रोटरी यंत्रात फिरणारी पाती चूर्ण डायमध्ये ढकलतात. प्रथम डाय जास्त भरली जाते. नंतर खालचा पंच वर येतो व जादा चूर्ण खरवडले जाते. ३० डायचे यंत्र मिनिटाला ६० फेरे घेत असेल, तर प्रत्येक डायला संपूर्ण फेरीसाठी एकच सेकंद मिळतो. भरणासाठी त्याचाही अंशच. पात्यांच्या घुसळणीने मॅग्नेशियम स्टिअरेट कणांवर अधिक पसरते. परिणामी गोळी मऊ होऊ शकते व तिचे विद्रावण मंदावू शकते. हाताने भरलेल्या डायमध्ये हा परिणाम दिसतच नाही.

संशोधनातील महत्त्व :
भारतीय औषधकोशानुसार २५० मिलिग्रॅम वा अधिक सरासरी वजनाच्या गोळ्यांसाठी वजनातील विचलनाची मर्यादा ५ टक्के आहे. वीस गोळ्यांपैकी दोनपेक्षा अधिक गोळ्यांनी ती ओलांडता कामा नये व एकाही गोळीने तिची दुप्पट ओलांडता कामा नये. हाताने मोजून भरलेल्या वीस गोळ्या ही कसोटी सहज उत्तीर्ण होतात. परंतु ते यश तराजूचे असते, सूत्राचे नव्हे. असे सूत्र कारखान्यातील यंत्रावर अपयशी ठरू शकते.

निष्कर्ष :
भरणाची पद्धत संशोधनाच्या प्रश्नावरून ठरवावी. कण दाबाखाली कसे वागतात हे पाहावयाचे असल्यास हाताने भरणे योग्य. सूत्र उत्पादनक्षम आहे असे म्हणावयाचे असल्यास यंत्राद्वारे भरण अनिवार्य. एकपंची यंत्रावरही हॉपरमधून वीस गोळ्या काढून त्यांची हाताने भरलेल्या गोळ्यांशी तुलना करता येते. प्रबंधात भरणाची पद्धत, शू वा पात्यांचा वेग व ठोक्यांची संख्या यांची नोंद असावी. मार्गदर्शक प्राध्यापकांनी याबाबत आग्रही राहिल्यास महाविद्यालयीन संशोधन उद्योगाला अधिक उपयुक्त ठरेल.