सातबारावरचा कोरा रकाना

2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला सरकारने क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर केले, मर्यादा 200 क्विंटलची. अट एकच नडली : सातबारावर कांद्याची नोंद हवी. राहुरी-पारनेरसारख्या कांद्याच्या पट्ट्यात ही अट किती झोंबली असेल, ते वेगळे सांगायला नको. कांदा विकल्याची पट्टी खिशात, पण ई-पीक पाहणी राहिलेली.

गैरसमज : नोंद नाही म्हणजे पीक नाही, असे संगणक म्हणतो.
वस्तुस्थिती : संगणक काहीच म्हणत नाही, योजनेचा नियम म्हणतो. ‘जे नोंदलेले नाही ते खोटे’ या गृहीतकाची तर्कशुद्ध मांडणी संगणकशास्त्रज्ञ रेमंड राइटर यांनी 1978 मध्ये केली. एसटीच्या आरक्षणात ते चोख चालते, कारण तिथे नोंद हेच आरक्षण. पिकाचे तसे नाही. ई-पीक पाहणीत 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन मोबाइलवर फोटो काढायचा. रेंज नसली, सर्व्हर बसला, मुदत टळली, तरी कांदा रानात असतोच. पुढे सरकारलाच गावपातळीवर समित्या नेमून खातरजमा करावी लागली.

गैरसमज : कोरा रकाना म्हणजे शून्य.
वस्तुस्थिती : डेटाबेसमध्ये कोऱ्या जागेला ‘नल’ म्हणतात, अर्थ ‘माहीत नाही’. समजा, गावात जमिनीचे 100 गट आहेत : 60 मध्ये कांदा, 25 मध्ये इतर पिके, 15 कोरे. ‘कांदा नसलेले गट दाखव’ म्हटले, तर डेटाबेसची भाषा एसक्यूएल 40 नव्हे, 25 दाखवते. कोरे 15 ना कांद्यात, ना बिनकांद्यात. अहवाल लिहिणाऱ्याच्या हे ध्यानात आले नाही, तर ते गट गुपचूप गळतात.

गैरसमज : सातबाराच्या ‘इतर हक्कां’त बोजा नाही, म्हणजे जमीन निर्वेध.
वस्तुस्थिती : महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 157 नोंद खरी मानते, तीही उलट सिद्ध होईपर्यंत. नसलेल्या नोंदीची हमी ते देत नाही. म्हणून जाणता वकील दुय्यम निबंधकाकडे सर्च घेतो, पेपरात जाहीर नोटीस देतो : मुदतीत हरकत आली नाही, तर कोणाचा हक्क नाही असे समजू. हेही राइटरांचेच गृहीतक! पण ती नोटीस वाचायची राहून गेली, एवढ्यावरून खऱ्या वारसाचा हिस्सा बुडत नाही.