सावलीचा आराखडा : धाराशिवच्या उन्हात कचेरीबाहेरचे काम

कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी दिवसातला काही वेळ चार भिंतींबाहेर, झाडांच्या सान्निध्यात बसून काम करावे आणि त्यासाठी आवारातच विचारपूर्वक जागा रचलेली असावी, ही कल्पना गेल्या काही दशकांत जगभर रुजली आहे. तिच्या समर्थनार्थ ज्या संशोधनाचा वारंवार दाखला दिला जातो, ते मात्र कचेरीतले नसून रुग्णालयातले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच यांनी तपासल्या आणि खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली, असा निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने १९८९ च्या आपल्या ग्रंथात अशी उपपत्ती मांडली की, सतत एकाग्र राहून थकलेले लक्ष पानांची सळसळ, ढगांची चाल अशा सहज नजरेत भरणाऱ्या गोष्टींत विसावते आणि पुन्हा ताजे होते. ४६ रुग्णांवरून हिशेबनिसांच्या कार्यक्षमतेविषयी छातीठोक विधान करणे धाडसाचे ठरेल. परंतु दिवसभर संगणकाच्या पडद्यासमोर बसणाऱ्याला झाडाखालचा अर्धा तास हवासा वाटतो, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेची गरजही नाही.

अडचण कल्पनेत नसून तिच्या आयात केलेल्या चित्रात आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१७ मध्ये रेडमंड येथील आपल्या आवारात झाडांवर लाकडी खोल्या बांधून तेथे बैठकांची सोय केली, तेव्हा ती छायाचित्रे सर्वत्र फिरली आणि हिरवळ, लाकडी फळ्या व रंगीत छत्र्या असा एक ठसा तयार झाला. रेडमंडच्या पावसाळी, थंड हवेत वर्षातला मोठा काळ ऊन शोधत फिरावे लागते. बालाघाटच्या डोंगररांगांवर वसलेल्या धाराशिव जिल्ह्यात, जेथे पाऊस सरासरीने सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर पडतो, तोही अनेकदा दगा देतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेथे ऊन चुकवणे हेच रचनेचे पहिले काम ठरते.

हे काम या भागाला नवे नाही. मराठवाड्यात तहसील कचेरी आणि न्यायालयाच्या आवारात मुद्रांक विक्रेते, दस्तलेखक आणि अर्जनवीस वर्षानुवर्षे लिंबाखाली टेबल टाकून बसत आले आहेत. त्यांची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी असते : सकाळी झाडाच्या पश्चिमेला असलेले टेबल दुपारनंतर सावलीबरोबर पूर्वेला सरकते, कागद उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवलेला असतो, पक्षकारासाठी एक बाक असतो आणि पाण्याचा माठ बुंध्याशी, सर्वांत गार जागी असतो. टंकलेखन यंत्राच्या जागी आता लॅपटॉप आणि छपाईयंत्र आले, पण सावलीचा हिशेब बदलला नाही. कोणत्याही वास्तुरचनाकाराने आखून न दिलेली ही जिल्ह्यातली सर्वांत जुनी हिरवी कार्यजागा आहे, आणि नव्या इमारतीच्या बांधकामात पहिला घाव बहुधा तिच्यावरच पडतो, ही खेदाची बाब आहे. जुन्या वाड्यांतील ओसरी हाही याच जातीचा उपाय होता; डोक्यावर छप्पर आणि एका अंगाने चौकाची हवा अशा त्या अर्धवट उघड्या जागेत दप्तर मांडून लिखापढी चालत असे. नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहाल हे तर शाही उदाहरण आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या प्रारंभी, बोरी नदीवर घातलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच दालने काढलेली असून, नदीला पूर आला की वरून पाण्याचा पडदा कोसळत असताना आत माणसे कोरडी आणि गारव्यात बसू शकतात.

नव्या रचनेची सुरुवात सूर्याच्या वाटेपासून व्हावी लागते. धाराशिव शहर सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैअखेरीस मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे कललेला असतो. याचा अर्थ असा की, उन्हाळ्याच्या ऐन भरात दुपारी भिंतीची सावली जवळजवळ नाहीशी होते आणि उत्तरेची बाजू नेहमीच थंड असते हा समज तेव्हा कामाला येत नाही. डिसेंबरात मात्र मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच राहतो. १० मीटर उंच इमारत तेव्हा उत्तरेला जवळपास ९ मीटर सावली टाकते आणि तेथे सकाळी बसणाऱ्याला हुडहुडी भरते. त्यामुळे एकच मोठी बैठक बांधण्यापेक्षा दोन-तीन लहान जागा ठेवणे शहाणपणाचे : हिवाळ्यातील कोवळ्या उन्हासाठी दक्षिणेला एक आणि उन्हाळ्याच्या दुपारनंतर इमारतीची सावली मिळावी म्हणून पूर्वेला एक. पश्चिमेची बाजू, जेथे दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन थेट अंगावर येते, ती बसण्यासाठी नव्हे, तर दाट झाडीसाठी राखावी.

सावलीत नेमके काय घडते, हेही समजून घेतले पाहिजे. झाडाखालची आणि उन्हातली हवा यांच्या तापमानात फारसा फरक नसतो. फरक पडतो तो प्रारणाने येणाऱ्या उष्णतेत, म्हणजे सूर्यापासून आणि तापलेल्या फरशी-भिंतींपासून हवेला न तापवता सरळ शरीरावर येणाऱ्या उष्णतेत. म्हणूनच पत्र्याच्या छपराखाली सावली असूनही जीव नकोसा होतो. पत्रा स्वतः तापून खाली उष्णता फेकत राहतो. पान मात्र बाष्पोत्सर्जनामुळे, म्हणजे आपल्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ सोडत राहिल्यामुळे, तितके तापत नाही. सिमेंटचे पेव्हर ब्लॉक आवारभर पसरून मध्ये चार झाडे लावणे हा यामुळेच फसवा सौदा आहे, त्यातही ब्लॉक बुंध्याला भिडवले तर मुळांना हवा-पाणी मिळेनासे होऊन झाडच खंगते. बुंध्याभोवती मोकळी माती ठेवून पलीकडे मुरूम किंवा सावलीत शहाबादी फरशी घालणे इथल्या गवंड्यांच्या हातचे आहे.

झाडांची निवड ही शोभेची बाब नाही. बहावा आणि गुलमोहर फुलांनी नजर वेधतात, पण ऐन एप्रिलमध्ये, जेव्हा सावलीची सर्वाधिक गरज असते, तेव्हा ते बहुधा पर्णहीन असतात. गुलमोहराच्या फांद्या वाऱ्याने मोडतात हे आणखी एक. लिंब आणि करंज उन्हाळ्याच्या तोंडाशी पानगळ उरकून नवी पालवी धरतात आणि कमी पाण्यावर दाट सावली देतात. जूनमध्ये टेबलावर लिंबोळ्यांचा सडा पडतो, एवढे सोसावे लागते. अनेक ठिकाणी झटपट हिरवाईसाठी लावल्या जाणाऱ्या कोनोकार्पस या परदेशी झाडाच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली, हे लक्षात ठेवावे. झाड सावली धरेपर्यंत काही वर्षे जातात. तोवर द्राक्षबागेसारखा तारांचा मांडव घालून त्यावर मधुमालतीचा वेल चढवणे किंवा शेडनेट ताणणे हा स्वस्त उपाय आहे, आणि असे मांडव उभारणारे कुशल हात जिल्ह्यात आहेत.

हिरवळीचा, म्हणजे लॉनचा, हिशेब मात्र कठोरपणे मांडायला हवा. कडक उन्हाळ्यात हिरवळीच्या प्रत्येक चौरस मीटरला रोज साधारणतः ५ ते ६ लिटर पाणी लागते. २०० चौरस मीटरच्या छोट्या हिरवळीला हजार लिटरच्या वर. शहरी माणसासाठी दरडोई १३५ लिटरचा मापदंड धरला, तर हे सात-आठ माणसांचे दिवसाचे पाणी झाले. धाराशिव शहराला उजनी धरणाचे पाणी लांबून उपसून आणावे लागते आणि २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. अशा प्रदेशात कचेरीपुढची हिरवळ ही उधळपट्टीच होय. याउलट ५०० चौरस मीटरच्या छतावर सरासरी पावसाच्या वर्षात पडणाऱ्या पाण्यातून पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी साठवता किंवा मुरवता येते, आणि आठ-दहा झाडे जगवायला ते पुरून उरते.

कामाच्या साधनांचे प्रश्न तुलनेने सोपे आहेत. भर उन्हात प्रकाशाची तीव्रता एक लाख लक्सच्या घरात जाते, तर कार्यालयात ती ३०० ते ५०० लक्स पुरते. लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप. त्यामुळे दाट सावलीतही पडदा फिका दिसतो आणि पाठीमागे उघडे आकाश असेल तर त्यात प्रतिबिंबच अधिक दिसते. बैठकीच्या मागे वेलीची जाळी किंवा गडद भिंत असावी ती याचसाठी. विजेची जोडणी झाकणबंद असावी आणि प्रवाह गळताच तो तोडणारा ईएलसीबी बसवलेला असावा. वळवाच्या पावसात, गारपिटीत आणि विजा कडाडत असताना झाडाखाली कोणीही थांबू नये, आणि फांद्यांवर आग्यामोहोळ नाही ना हे पाहत राहावे. स्वच्छतागृह जवळ असणे आणि जागा इमारतीतून नजरेत राहणे, याखेरीज महिला कर्मचारी अशा जागेचा वापर करणार नाहीत.

वेळेचाही मेळ घालता येतो. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी ठरली. उन्हाळ्यात पहिला तास आणि शेवटचा तास, तर ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत जवळपास पूर्ण दिवस बाहेरचे काम शक्य आहे. अर्थात वाचन, चर्चा, दूरध्वनी अशा कामांसाठी, गोपनीय फायलींसाठी नव्हे.

कायदाही काही प्रमाणात पाठीशी आहे. नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाच्या १९७५ च्या अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे. तेव्हा जिल्ह्यात नव्या कार्यालयाचा नकाशा मंजूर करणाऱ्यांनी मे आणि डिसेंबर या दोन महिन्यांतील सकाळ, दुपार आणि सायंकाळची सावली त्या नकाशावर दाखवण्याचा आग्रह धरावा, आवारातील जुना लिंब आधी मोजून मगच पाया आखावा, आणि त्याखाली अर्जनविसाचे टेबल व ताटकळणाऱ्या नागरिकांचे बाक यांची जागा कर्मचाऱ्यांच्या बैठकीइतकीच पक्की धरावी.