मेसेजमधलं ‘बाय’ आणि ‘बिफोर’: फरक एका दिवसाचा

बँकेचे, विम्याचे मेसेज बऱ्याचदा इंग्रजीत येतात आणि गफलत होते ती बारक्या शब्दांत. ‘बाय ३१ जुलै’ म्हणजे ३१ तारखेपर्यंत. ३१ ला भरलं तरी चालतं. ‘बिफोर ३१ जुलै’ असेल तर मात्र ३० लाच काम उरका. ‘विदिन ७ डेज’ म्हणजे सात दिवसांच्या आत, ‘आफ्टर ७ डेज’ म्हणजे सात दिवस उलटल्यावर. पार उलटं! ‘वर्किंग डेज’ लिहिलं असेल तर सुट्ट्या धरायच्या नाहीत.

मोजायचं कुठून? केंद्राच्या कायद्यात ‘फ्रॉम ५ जुलै’ असेल, तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टनुसार ५ तारीख सोडून ६ पासून मोजतात. आणि ‘बाय’ म्हणजे रात्री बारापर्यंतच असं नाही. काऊंटरवर भरायचं असेल तर खिडकी बंद झाली की मुदत संपली.