हत्यार कोणाचे?

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. स्वरांचे शास्त्र आम्हांला ठाऊक नाही. पण हत्यार कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न आमचा जुना आहे.

अमेरिकेत स्वरलिपी लिहिण्याचे 'फिनाले' नावाचे सॉफ्टवेअर १९८८ साली निघाले. संगीतकारांनी व शिक्षकांनी जन्माचे काम त्यात साठविले. जुने दोष आधी काढा, अशी त्यांची तक्रार असे. पण नवी सोय दाखवून नवी आवृत्ती विकता येते. दुरुस्ती दाखवून काय विकणार? अखेर २६ ऑगस्ट २०२४ रोजी मेकम्युझिक कंपनीने जाहीर केले, की लक्षावधी ओळींचा हा जुना पसारा आता पुढे नेता येत नाही, काम बंद. शिवाय वर्षभराने नव्या संगणकावर त्याचा परवानाही मिळणार नव्हता.

मग ओरड झाली, आणि ही परवान्याची अट कंपनीला लगोलग मागे घ्यावी लागली. सॉफ्टवेअरचा विकास मात्र पुन्हा सुरू झाला नाही.

यातला भेद ध्यानात घ्या. कारखानदाराने नवे हत्यार घडविणे थांबविले, तर तो त्याचा व्यवहार. पण विकलेले हत्यार त्याने आपल्या हातून काढून घेऊ नये. एवढा हक्क एकजुटीने राखता येतो.