बदली, तासिका आणि ‘भागीदार’

भाषेच्या मास्तराने मजुरीच्या प्रश्नात कशाला लुडबुड करावी, असे कुणी विचारील. पण शब्द मोठे चहाडखोर असतात. ‘बदली’ हाच शब्द घ्या. सरकारी नोकराची बदली होते. गिरणगावात मात्र बदली म्हणजे चालताबोलता माणूस! कायम कामगार आजारी पडला, गावी गेला, की त्याच्या जागी उभा राहणारा. दुसऱ्याच्या खाड्यावर याची चूल पेटायची.

पाळी सुरू होण्याआधी हे बदली गिरणीच्या दाराशी जमत. कुणाला आत घ्यायचे ते जॉबर ठरवी, आणि त्याची मर्जी फुकट मिळत नसे. हा बाजार आवरावा म्हणून १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने निवडक बदल्यांना दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कार्डे देण्याची पद्धत आणली. कार्डवाल्याने रोज सकाळी हजर राहायचे. काम मिळाले तर मिळाले. पुढे १९५३ साली कायद्याने काम नसताना बसवून ठेवल्याची भरपाई देऊ केली, पण बदलीला तीतून वगळले. वर्षाची सलग सेवा झाली तर मात्र तो बदली उरत नाही, असेही त्यातच लिहिले. सलग म्हणजे २४० दिवस. हा आकडा कामगारांआधी कारकुनांनाच पाठ झाला! दिवस भरत आले की माणसाला घरी बसवावे आणि पुन्हा ‘नवा’ म्हणून घ्यावे, ही युक्ती गिरणीबाहेरही फार चालली.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाची कथा सर्वांना ठाऊक आहे. गिरण्या बसल्या, आणि कापडाचे काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे आणखीच वळले. तिथे मजुरी मीटरवर. हजेरीपटावर नाव असेलच असे नाही.

आणि आमची कॉलेजे? तिथे ‘तासिका तत्त्वावर’ शिकवणारे तरुण आहेत. ‘तत्त्व’ हा शब्द इथे वाचून मला नेहमी हसू येते. तास घेतला तर पैसे. दिवाळीच्या सुटीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत.

आता फोनवरून काम घेऊन घरोघर जेवण पोचवणारा मुलगा पाहा. कंपनी त्याला नोकर म्हणत नाही, ‘भागीदार’ म्हणते. भागीदाराला नफ्यात वाटा असतो, असा आमचा जुना समज. याच्या वाट्याला येतात पेट्रोल, पंक्चर आणि पाऊस. नीती आयोगाच्या अंदाजाने २०२०-२१ मध्ये अशी कामे करणारे देशात सुमारे ७७ लाख होते. जॉबरशी निदान भांडता येई. फोन बंद झाला तर भांडायचे कुणाशी?

“मालकच ठरलेला नाही, तर हक्क कुणाकडे मागणार?” असे म्हटले जाते. वाचकहो, महाराष्ट्राने याचे उत्तर १९६९ सालीच दिले आहे. हमाल दिवसात दहा व्यापाऱ्यांची पोती उचलतो. त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या माथाडी कायद्याने या प्रश्नात डोके घातलेच नाही. व्यापारी आणि हमाल दोघांची नोंद मंडळाकडे करायची, मजुरी आणि तीवरची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची, आणि मंडळाने पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी पाहायची. हक्क मालकाला नव्हे, ओझ्याला बांधला.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने नव्या ‘भागीदारां’ची दखल घेतली, हे खरे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरावेत, असे तीत आहे. मात्र एक डबा तिसऱ्या मजल्यावर पोचवण्याची किमान मजुरी किती, हे तीत कुठेही नाही.