मेळघाटातील प्राथमिक शाळा आणि कोरकू मुलाची मराठी

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके मेळघाटात मोडतात. सातपुड्याच्या डोंगररांगांत विखुरलेल्या येथील अनेक लहान वस्त्यांत घरची भाषा कोरकू, शाळेची मराठी आणि बाजाराची बहुधा हिंदी असते. पहिलीत येणाऱ्या मुलास अक्षरओळख व परकी भाषा ही दोन्ही एकाच वेळी आत्मसात करावी लागतात. अशा मुलाच्या मराठीत ज्या चुका आढळतात त्यांचे स्वरूप काय, हा प्रश्न शिक्षणशास्त्राइतकाच भाषाशास्त्राचाही आहे.

कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुलाच्या मुंडा शाखेतील भाषा असून त्या कुलातील ती सर्वांत पश्चिमेकडील होय. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) तिचा समावेश आहे. २०११ च्या जनगणनेत तिचे ७,२७,१३३ भाषक नोंदले गेले. ‘कोरकू’ हे नावच तिच्या रचनेचा नमुना आहे : ‘कोरो’ म्हणजे मनुष्य व ‘कू’ हा बहुवचनाचा प्रत्यय.

मराठीत नामाचे लिंग तीन प्रकारचे असून विशेषण व क्रियापद त्यानुसार बदलतात. कोरकूत मुख्य भेद सजीव व निर्जीव असा आहे. दरवाजा पुल्लिंगी, भिंत स्त्रीलिंगी व घर नपुंसकलिंगी का, याला त्या मुलाच्या भाषिक अनुभवात आधार नाही. ‘भिंत पडला’ असे म्हणणाऱ्या मुलास भिंत कळते, पडणे कळते आणि भूतकाळही कळतो. त्याला अवगत नसते ती केवळ मराठीची लिंगव्यवस्था. उलट, कोरकूतील सजीववाचक नामांना द्विवचन आहे. ‘मुले आली’ या मराठी वाक्यात दोन आली की अनेक, हे कळत नाही. कोरकूत ते कळते. म्हणजे या मुलाजवळ व्याकरण कमी नसून वेगळे आहे.

दोन्ही भाषांत एक साम्यही आहे. ऐकणाऱ्यास वगळणारे ‘आम्ही’ व त्यास सामावून घेणारे ‘आपण’ हा मराठीतील भेद कोरकूतही आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही. अध्यापनाचा आरंभ अशा समान भूमीवरून करता येण्यासारखा आहे.

व्यवहारात मात्र अडचण शाळेच्या लहानपणातून उद्भवते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार साठपर्यंत पटसंख्येच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक असतात. त्यामुळे एकाच शिक्षकास अनेक इयत्ता सांभाळाव्या लागतात. तोंडी संभाषणास अवकाश उरत नाही आणि लेखी उत्तर हेच मुलाच्या बुद्धीचे माप ठरते. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीचा निर्देश करणारे कलम ३५०-अ १९५६ मध्ये संविधानात आले. उपरोक्त कायद्यातही मातृभाषेचा पुरस्कार ‘शक्य तेथवर’ केलेला आहे.

ही शक्यता वाढविण्यासाठी निदान एवढे तरी व्हावे की, उत्तर तपासताना आशयातील चूक व लिंगवचनातील चूक निरनिराळ्या मोजल्या जाव्यात. पहिली अज्ञानाची खूण असू शकते. दुसरी पुष्कळदा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत चाललेल्या प्रवासाची खूण असते. या दोहोंची गल्लत झाली, तर बुद्धिमान मूलही मंद ठरण्याचा धोका आहे.